ज्वारीपट्ट्यातल्या शेतकरणीच्या कामाची नोंद

गावात वयस्कर शेतकरीण गेली की चौकात फ्लेक्स लागतो. फोटो, दोन तारखा, मुलानातवंडांची नावं आणि मधे ठरलेली विशेषणं: कष्टाळू, सोशिक, प्रेमळ. दहाव्याच्या प्रवचनातही तेच. त्यात खोटं काही नसतं, पण तिला काय येत होतं याचा त्यावरून पत्ता लागत नाही. तिच्या नवऱ्याबद्दल लोक नेमकं बोलतात: पाभर (पेरणीचं औत) सरळ चालवायचा, बैलाची पारख होती, बांधावरून पीक बघून उतारा सांगायचा. बाईच्या वाट्याला स्वभाव येतो आणि गड्याच्या वाट्याला कसब. हे बरोबर नाही, म्हणून ही नोंद.

नोंद सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा-सांगोला पट्ट्याची. काळी, भेगाळणारी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि रब्बीची मालदांडी ज्वारी. १९५०-६० च्या दशकांत या घरांत सून म्हणून आलेल्या बायकांची पिढी आता संपत आली आहे.

सुरुवात धान्याच्या हिशेबापासून करायला हवी, कारण घर त्यावर चालायचं. राबणारं माणूस दिवसाला साधारण अर्धा किलो ज्वारी खातं. लहानथोर धरून दहा माणसांच्या घराला रोज चार-साडेचार किलो, म्हणजे वर्षाला पंधरा-सोळा क्विंटल. कोरडवाहू रब्बी ज्वारीचा उतारा एकरी दोन-तीन क्विंटल, बरं वर्ष असलं तर चार. म्हणजे सहा-सात एकरांचं पीक नुसतं पोटात जायचं. त्याशिवाय बलुतं, सणवार, आला-गेला, लेकीचं बाळंतपण, पुढच्या वर्षीचं बी. ज्वारी घरात यायची फाल्गुनाच्या आसपास आणि पुढची यायची थेट पुढच्या फाल्गुनात. दिवाळीला साठा किती उरला आहे हे बघून घरची बाई ठरवायची की आता भाकरीत बाजरी किती मिसळायची आणि कण्या कधी शिजवायच्या. लिहिता न येणाऱ्या बाईचं माप म्हणजे शेर, अधोली, पायली. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. शिगेची पायली की सपाट, यावर शेजारणींशी भांडणंही व्हायची, आणि ती रास्त होती. शिगेचा फरक वर्षाअखेर पोत्यांत मोजावा लागतो.

मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. २०१६ मध्ये इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथाही इथलीच. घरातलं कोठार वर्षभर पुरवणारीची कथा कुणी सांगत नाही, हे जाता जाता.

साठवणीच्या जागा तीन: पेव, बळद आणि कणगी. पेव म्हणजे घट्ट पांढऱ्या मातीत किंवा मुरमात खणलेला खड्डा. तळाला आणि कडेनं कडबा-भुसकट, वर दगडाची फरशी आणि मातीचा लेप. आत हवा कोंडली की धान्याच्या श्वासानंच ती विषारी होते आणि किडे मरतात. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरू नये याचं कारणही तेच. दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा. तो विझला तर माणूसही टिकणार नाही. पेवातून काढलेल्या ज्वारीला आंबूस वास असतो. तो वाऱ्यावर पसरला की कमी होतो, पण भाकरीत थोडा उरतोच. पावसाचं पाणी मुरलं तर कडेची ज्वारी काळी पडते. ती ओळखून वेगळी काढणं हे तिचं काम. काळी पडलेली थोडीशी जरी चांगल्यात मिसळली, तरी सगळं पीठ कडू होतं.

बळद भिंतीतलं. वरून भरायचं आणि खालच्या भोकातून काढायचं, भोकाला चिंधीचा बोळा. कणगी तुरीच्या नाहीतर निरगुडीच्या फोकांची, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेली, खाली दगड. दरवर्षी रिकामी झाल्यावर तिची भेग न् भेग बुजवायची, कारण जुन्या धान्यातला सोंडा किडा भेगेत दडून नव्या धान्यात येतो. उंदीर मात्र बहुधा खालून येतो. दगडांवर कणगी वीतभर उचललेली असली की खालून हात फिरवून बघता येतं.

साठवायच्या आधीचं वाळवणं अर्धं काम करतं. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे; दबला तर अजून ओल आहे. उन्हातून काढलेलं धान्य तापलेलं असताना भरायचं नाही. संध्याकाळी पसरून गार होऊ द्यायचं आणि मग भरायचं. गरम भरलं तर आतली वाफ वरच्या थरात आणि भिंतीला पाणी होऊन बसते, तिथे बुरशी धरते, आणि महिन्याभरानं हात घातला की गठ्ठे लागतात. नव्या सुनेकडून होणारी चूक बहुधा हीच, कारण घाई असते आणि आभाळ भरून आलेलं असतं.

कडधान्याची तऱ्हा निराळी. हरभरा, तूर, मूग यांचा भुंगा शेतातूनच अंडी घेऊन येतो, त्यामुळे कणगी कितीही लिंपली तरी उपयोग नाही. खायच्या तुरीची लवकर डाळ करून टाकायची. फुटलेल्या डाळीत त्या भुंग्याला फारसं जगता येत नाही. अख्खी ठेवायची असेल तर किलोला चमचाभर, म्हणजे पाचेक मिली, गोडं तेल हातानं चोळायचं. तेलाच्या पातळ थरामुळे अंडी दाण्याला नीट चिकटत नाहीत आणि जी चिकटतात ती गुदमरतात. तेल जास्त झालं तर दोन महिन्यांत खवट वास सुटतो.

आता बियाणं. पाभर गड्याच्या हातात असली तरी चाड्यात (पाभरीच्या बी टाकायच्या नरसाळ्यात) काय पडणार हे बाईनं सहा महिने आधी ठरवलेलं असायचं. पेवातल्या ज्वारीचं बी कधी करायचं नाही. तिथल्या कोंडलेल्या हवेनं कोंब मरतो, दाणा दिसायला मात्र तसाच राहतो. बियाण्याची कणसं काढणीच्या आधी उभ्या पिकातून निवडायची, आणि तीही शेताच्या मधल्या भागातून. बांधाकडचं ताट मोठं दिसतं, कारण त्याला शेजारच्या रिकाम्या जागेची ओल आणि ऊन मिळतं. तो त्या बियाण्याचा गुण नव्हे. कणीस भरदार, दाणा गोल, पांढरा, चमकदार. ताट सरळ, मधल्या उंचीचं. काणी (दाण्यांची काळी भुकटी करणारा रोग) दिसली की ते कणीस सोडायचं, आणि शेजारचंही सोडायचं. काणीची काळी भुकटी निरोगी दाण्याला चिकटते आणि पुढच्या वर्षी त्याच दाण्यातून रोग उगवतो. कणसं उपटणीत मिसळू नयेत म्हणून आधीच खुडून आढ्याला टांगायची. त्यांची मळणी खळ्यावर बैलांच्या पायाखाली नाही, तर घरी काठीनं हलकेच बडवून, म्हणजे दाणा फुटत नाही.

एकराला चार किलो बी पुरतं. दहा एकरांचं रान असलं तर चाळीस किलो, आणि दुबार पेरणीची वेळ आली तर म्हणून तेवढंच आणखी. बियाणं सकाळच्या कोवळ्या उन्हात गोणपाटावर वाळवायचं. तापलेल्या पत्र्यावर किंवा दगडावर दुपारभर ठेवलं तर कोंब भाजतो. मग गोवरीची चाळलेली, पूर्ण गार झालेली, कोरडी राख मिसळायची, गाडग्यात भरायचं, वर चार बोटं नुसती राख आणि तोंडाला फडकं बांधून शेणमातीचा लेप. राख दाण्यांमधली फट भरते, किड्याला हलू देत नाही, त्याच्या अंगावरचा तेलकट थर खरवडते आणि तो वाळून मरतो. राखेत निखारा राहिला असेल तर बी गेलं, आणि राख दमट असेल तर गोळे होऊन बुरशी. भोपळा, दोडका, गवार, भेंडी यांचं बी थोडं असतं, ते तुंब्यात किंवा चिंधीच्या पुरचुंडीत चुलीवरच्या आढ्याला. धुरानं पुरचुंडी काळी होते आणि कीड लांब राहते. पुढे गंधक आलं, किलोला चार ग्रॅम चोळलं की काणी आटोक्यात. ही सोय मोठीच होती, आणि बियाणं पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्या बायकांनी ती लगेच उचलली. जुनं तेवढं सोनं असा हट्ट त्यांचा नव्हता.

पेरणी हस्ताच्या पावसावर, साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. ज्वारीत करडईचे पट्टे असायचे. करडई महिनाभराची व्हायच्या आत विरळणी करायची आणि काढलेली रोपं भाजीला आणायची. नंतर पान काट्यावर येतं. ही विरळणी हिशेबात कधी धरली गेली नाही, कारण ती ‘भाजी आणायला गेली होती’.

भाकरीविषयी सगळे हळवं बोलतात, म्हणून थोडं रुक्ष बोलू. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ ताजं असेल तर मळून-मळून ते धरतं. आठ-पंधरा दिवसांचं झालं की विरी (पिठाचा धरण्याचा गुण) जाते आणि थापताना कडा फाटतात. मग उकळतं पाणी घालून थोडं पीठ उकडून घ्यायचं, त्यानं चिकटपणा येतो. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं, तळहाताच्या टाचेनं, भेग दिसेनाशी होईपर्यंत. थापल्यावर पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकायची आणि लगेच पाणी फिरवायचं. उशीर झाला तर पीठ करपतं आणि पापुद्रा सुटत नाही. पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. सुकून गेलं तर तडे, फार ओली उलटली तर तव्याला चिकटते. दुसरी बाजू भाजली की चुलीच्या तोंडाशी आराला उभी लावायची, म्हणजे फुगते. किलोभर पिठाच्या सात-आठ शेतकरी भाकरी होतात. दहा माणसांना दोन वेळच्या तीस-बत्तीस, म्हणजे वर दिलेला चार-साडेचार किलोंचा हिशेब पुन्हा इथे येऊन जुळतो.

आणि हे पीठ गावात इंजिनची गिरणी येईपर्यंत जात्यावर दळलेलं. पहाटे तीन-चारला उठून दळायचं, कारण दिवस उजाडला की दुसरी कामं. जातं झिजलं की पीठ भरड आणि गरम निघतं. मग टाकी लावणाऱ्या, म्हणजे छिन्नीनं दगडाला खाचा पाडणाऱ्या, बाईला हाक मारून दगड टाकवून घ्यायचा. त्यानंतरचं पहिलं दळण गुरांना घालायचं, त्यात दगडाची कच असते. जात्यावरच्या ओव्यांची नोंद तरी झाली, हे नशीब. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतल्या लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत सासर-माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, लेकराचं कौतुक आहे, आणि दळणाऱ्या हाताचं दुखणंही आहे. फ्लेक्सवरच्या तीन शब्दांपेक्षा कुठलीही चार ओळींची ओवी जास्त सांगते.

शेतातलं काम वेगळं सांगायला नको, तरी खुरपणीबद्दल एक. पंचवीस-तीस दिवसांच्या पिकात पहिली खुरपणी वेळेवर झाली तर दाणा भरतो. ती दहा दिवस लांबली की तण ओल पिऊन टाकतं, आणि रब्बीत वरून पाऊस येणार नसतो. म्हणजे जमिनीतली ओल राखणं हे खुरप्याचं काम. त्याची मजुरी पुरुषाच्या मजुरीपेक्षा कायम कमी.

तिचा स्वतःचा पैसा कोंबड्या, शेळ्या आणि तुपातून यायचा. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी, पाटीत राख-भुसा घालून, अंधाऱ्या कोपऱ्यात. एकविसाव्या दिवशी पिल्लं. सातव्या-आठव्या रात्री दिव्यापुढे अंडं धरून बघायचं. शिरा दिसल्या तर ठेवायचं, नितळ दिसलं तर काढून घ्यायचं. चैत्र-वैशाखात अंडी बसवायची नाहीत, उन्हानं नासतात. कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली की आठवड्यात खुराडं रिकामं, आणि त्याबरोबर मुलाच्या वह्या-पुस्तकांचे पैसे. म्हैस असली तर लोणी: थंडीत ताकात कोमट पाणी, उन्हाळ्यात भल्या पहाटे गार पाणी, नाहीतर पहिल्या वेळी लोणी येत नाही आणि दुसऱ्या वेळी रवीला माखून बसतं. दहा लिटर म्हशीच्या दुधाचं सहा-सातशे ग्रॅम तूप. दूध डेअरीला जायला लागलं तसा घरात रोख पैसा वाढला, यात शंका नाही. पण बिल बहुतेक नवऱ्याच्या नावानं निघू लागलं आणि तुपाची गाठ तिच्या पदरातून सुटली. घरातलं ताकही गेलं. विकास म्हणताना हा खर्च धरायला हवा.

मुलांचं सांगायचं तर तान्हं मूल शेतात लुगड्याच्या झोळीत. झाड निवडताना सावलीच्या आधी मुंग्या बघायच्या. काम अशा तासाला धरायचं की रडणं ऐकू येईल. दूध पाजायला बसली की तिच्या पातीचं काम मागे राहायचं आणि ते नंतर भरून काढायचं. झोळी हलवायला बहुतेक घरांत मोठी मुलगी असायची, आणि तिची शाळा त्यातच सुटायची. त्यागाचं कौतुक करताना ही मुलगी विसरली जाते. तीच पुढे दुसऱ्या घरची अशीच आई झाली.

१९७२ चा दुष्काळ या पिढीच्या ऐन उमेदीत आला. कणग्या रिकाम्या, कडबा संपलेला, जनावरं बाजारात. सरकारी दुष्काळी कामांवर बायका मोठ्या संख्येनं होत्या: पाझर तलाव, नालाबांध, रस्त्याची खडी. खडी फोडताना दगड पायाच्या अंगठ्याशी धरायचा, त्यामुळे नखं जायची, आणि कपच्या डोळ्यांत. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर सुकडी (पौष्टिक खाऊ). मिलोच्या पिठाला विरी नाही, त्यामुळे भाकरी थापतच नव्हती. उकड काढूनही तुकडे पडायचे. मुलांनी ती खावी म्हणून चिंचेचं सार, नाहीतर लसणाची चटणी. त्या वर्षी अनेक घरांनी बियाण्याचं गाडगंही फोडून खाल्लं. ज्या घरात ते राखलं गेलं, तिथून पुढच्या वर्षी गावात बी गेलं: शेराला दीड शेर परत, अशा बोलीवर. मागेल त्याला काम देण्याच्या धोरणाचा पुढे रोजगार हमी कायदा झाला. विधिमंडळानं तो १९७७ मध्ये केला आणि तो १९७९ पासून लागू झाला.

सरकारी कागदांत मात्र ती फारशी सापडत नाही. १९७१ च्या जनगणनेत माणसाचं मुख्य काम कोणतं हे आधी विचारलं गेलं. उत्तर द्यायला उंबऱ्यात पुरुष, आणि उत्तर ‘घरकाम’. काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या आधीच्या जनगणनेच्या मानानं कागदावर एकदम घसरली. सातबाऱ्यावर नाव नाही, त्यामुळे पीककर्ज नाही, सोसायटीत मत नाही. शेतकरी संघटनेनं नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला स्त्रियांचं अधिवेशन घेतलं. पुढे शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा असं आवाहन झालं आणि काही गावांनी ते मनावर घेतलं. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये केंद्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला हक्क दिला. या पिढीच्या बहुतेक जणींचं नाव सातबाऱ्यावर लागलं ते नवरा गेल्यावर, वारस म्हणून, मुलांच्या नावांसोबत.

आता व्यवहाराचं. घरातली अशी बाई गेल्यावर पहिल्या महिन्यात माळ्याची साफसफाई होते आणि उतरंडीतली गाडगी उकिरड्यावर जातात. तसं करू नका. प्रत्येक गाडगं उघडून बघा. राखेत बी असेल तर चाळून वेगळं करा आणि पिशवीवर काय वाटतं ते लिहा. ओळखू येत नसेल तर गल्लीतल्या तिच्या वयाच्या बाईला दाखवा, ती ओळखेल. मग शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात रांगेनं ठेवा, गुंडाळा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा पण थबथबवू नका. ज्वारीचे कोंब चार-पाच दिवसांत येतात, भोपळा-दोडक्याला आठ-दहा दिवस द्या. पंच्याहत्तरच्या वर कोंब आले तर नेहमीच्या मापानं पेरा. पन्नास-साठ आले तर बी दीडपट घ्या. दहा-वीसच आले तरी फेकू नका: परसात छोटा वाफा करा, पाणी देऊन वाढवा आणि त्या दहा झाडांचं बी पुढच्या वर्षी घ्या; त्याच पिकाची दुसरी जात जवळ लावू नका, संकर होतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री मिळाली ती अशाच गावठी बियाण्यांच्या राखणीसाठी.

आणि ती अजून असेल, तर तिला ‘तुझ्या काळचं सांग’ असं विचारू नका. त्यावर ती ‘काय सांगू, सगळं कष्टच’ म्हणते आणि विषय संपतो. समोर सूप ठेवा, त्यात दोन मुठी ज्वारी टाका आणि यातलं बियाण्याला कुठलं घ्यायचं ते विचारा. फोनचं रेकॉर्डिंग त्याआधी सुरू करा, कारण पहिली दहा वाक्यं तीच कामाची असतात.